टेबलाची उंची

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण घडलं ते घडलं, माझा इलाज नाही.

कपड्यांच्या एका कारखान्यात एक कटिंग मास्तर होता, पन्नाशीला टेकलेला. त्याची कात्री चालली की रस्त्यावरून जाणाऱ्यांचे केस आपोआप बारीक व्हायचे. अशा या मास्तराच्या डाव्या बरगडीत एके दिवशी कळ आली. शिंकलं की कळ, कूस बदलली की कळ. त्याला वाटलं, हृदयच. पण बोलणार कुणाला? मालकाला कळलं तर कात्री काढून घेतील आणि दाराशी स्टुलावर बसवतील. म्हणून गप्प. आणि मंडळी, माणसानं दुखणं गिळलं की त्याच्या पोटात संशय वाढतो.

शेजारी कापड अंथरणारा जोडीदार होता. अंगानं इतका बारीक की सगळे त्याला टाचणी म्हणत. मास्तराला वाटलं, याचा आपल्या जागेवर डोळा आहे; यानंच टेबलाखाली लाकडं सरकवून उंची वाढवलीय, म्हणून वाकताना काठ बरगडीत रुततो. झालं, रोज सगळ्यांच्या आधी येऊन हा टेबल मोजायचा. उंची रोज तेवढीच भरायची. मग त्याला टेपचाच संशय आला. टेप बदलली. कात्री तर तो डब्याच्या पिशवीत घालून रोज घरीच न्यायचा.

घरी बायको विचारायची, "सारखा छातीला हात का?"

"गॅस आहे."

"महिनाभर? एवढ्या गॅसवर अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक झाला असता."

एका सकाळी पिशवी उघडली तर कात्री गायब. मास्तर थेट टाचणीच्या अंगावर गेला. "काढ माझी कात्री."

सगळी शिलाई यंत्रं थांबली. टाचणीनं डबा उघडला, खिसे उलटे केले. "वीस वर्षं तुझ्या शेजारी उभा आहे मी," तो म्हणाला. "कात्रीचं सोड. महिनाभर बरगडी धरून काम करतोयस. वाटलं होतं, मला तरी सांगशील."

मास्तराला वर बघवेना.

आता खरी गंमत. कात्री रुसली होती! दोन पात्यांवर टकटक चालत ती दवाखान्यात जाऊन बाकावर बसली होती. मास्तर तिच्या मागोमाग आत शिरला.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला, एक्स-रे काढला, बरगडीवर बोट दाबलं. मास्तर कळवळला.

"हृदय ठीक आहे. बरगडी छातीच्या हाडाला मिळते तिथं सूज आहे. काम कसं करता, दाखवा बघू."

मास्तर त्यांच्या टेबलावर ओणवा झाला, छाती काठावर टेकवून. "आमचं टेबल कुणीतरी उंच केलंय," तो म्हणाला.

"हे बघा. नजर कमी झाली, म्हणून तुम्ही जास्त वाकता आणि सगळा भार बरगडीवर टाकता. टेबल वाढलं नाही, वय वाढलंय. चष्मा घ्या, पायाखाली फळी घ्या, छाती टेकू नका. शेका, आणि काही दिवस ओझं उचलू नका." मग त्यांचा आवाज बदलला. "पण हृदय की बरगडी, हे घरी बसून ठरवायचं नसतं. छातीवर दाब, घाम, धाप, हाताकडे जाणारी कळ, असं काही असतं तर महिना सोडा, एक तासही मिळाला नसता."

दुसऱ्या दिवशी मास्तर सगळ्यांदेखत टाचणीसमोर उभा राहिला आणि बरगडीपासून फळीपर्यंत सगळं त्याला सांगून टाकलं. "चुकलो रे."

टाचणीनं पायानंच एक फळी पुढं सरकवली. "चढ. हवी तर उंची मोजून घे."

तर मंडळी, पन्नाशीत छाती दुखली तर ती डॉक्टरला दाखवा. लपवलेल्या दुखण्याची शिक्षा शेजारच्या भल्या माणसाला होते. त्या मास्तराचं मात्र कौतुक करा, कुणी न सांगता, आपल्या पायांनी दवाखान्यात गेला तो, आणि...

"खोटं," स्वयंपाकघरातून आमची ही ओरडली. "कात्री पिठाच्या डब्यात होती. मी लपवली होती. 'दवाखान्यात चला, मगच देईन' म्हटलं, तेव्हा कुठं हललात तुम्ही!"