स्वयंभू मोबाईल

रविवारी सकाळी कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो आपला जुना मोबाईल छातीशी धरून पुढे सरकत होता, कारण व्यासपीठावर साक्षात विठोजी महाराज बसले होते. आजवरचे महाराज माणसं बरी करायचे. हे मोबाईलची बॅटरी बरी करत.

महाराजांनी रिक्षावाल्या मंजुनाथचा फोन पितळी पाटावर उताणा ठेवला आणि बोटाने ढकलला. फोन जागचा फिरेना.

"प्राण गेलाय रे याचा!" महाराज कळवळले. मग त्यांनी फोनच्या पाठीवर मधोमध काचेची फुगीर टिकली चिकटवली, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले, फोन पुन्हा उताणा ठेवला आणि बोट लावलं. फोन भोवऱ्यासारखा गरगरला. "नाचतो त्याची बॅटरी ठणठणीत! प्राणबिंदूचा प्रताप!"

टाळ्यांनी छत दणाणलं. मागे उभ्या कल्पनाने हसू कसंबसं दाबलं. इथल्या सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर म्हणून आलेली ही पुण्याची बाई घरमालकीण सगुणाबाईंच्या आग्रहाखातर आली होती. सकाळची फुकटची करमणूक झाली, एवढंच तिला वाटत होतं.

इतक्यात सगुणाबाईंचा सहा वर्षांचा फोन पाटावर आला आणि टिकली न लावताच गरगर फिरला. क्षणभर महाराजच गांगरले. पण गडी मुरलेला!

"स्वयंभू!" ते ओरडले. कुणीतरी फोनला झेंडूचा हार घातला. "अक्का, हा रोज उशाखाली ठेवून निजा. घराचं कल्याण होईल."

कल्पनाचं हसू मावळलं. त्या उशीवर सगुणाबाईंची चार वर्षांची नात गौरीही निजत असे. कल्पना गर्दी कापत पुढे गेली.

"अक्का, तो फोन माझ्याकडे द्या."

"स्वल्प, जरा थांब गं! देव आलाय त्यात, बघितलं नाहीस?"

"बघितलं. महाराज, आता तुमचा फोन नाचवा की."

"हौदु, हौदु, खरंच! नाचवा!" मंजुनाथने सूर धरला. महाराजांनी नाइलाजाने कोरा करकरीत फोन काढून पाटावर ठेवला. तो जरासा घसरला आणि थांबला.

"त्याचं... आज मौन आहे," महाराज म्हणाले. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

कल्पनाने मंजुनाथच्या फोनची टिकली उचकटून महाराजांच्या फोनला लावली. मौन सुटलं, फोन नाचला. मग तीच टिकली तिने महाराजांच्या जाड पुठ्ठ्याच्या पोथीला लावली. पोथीही गरगरली.

"हिची बॅटरी किती टक्के, महाराज?"

सभागृहात हशा उसळला. सगुणाबाई मात्र हसल्या नाहीत. "पण माझ्या फोनला टिकली कुठंय?"

कल्पनाने तो फोन अलगद उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर आडवा धरला. पाठ मधोमध फुगली होती, कडेला फट पडली होती. "टिकली आतच आहे, अक्का. जुनी बॅटरी वायू धरून फुगते. फुगीर वस्तू एका बिंदूवर टेकते, म्हणून फिरते. हे आजारपण आहे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, आणि हे महाराज तुम्हाला ती गौरीच्या उशाखाली ठेवायला सांगतात."

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फोनवरचा हार काढला. "घेऊन जा बाई. माझं लेकरू सुखी राहू दे."

कल्पनाने फोन बंद केला. "चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, सरळ दुरुस्तीवाल्याकडे," ती सगळ्यांना म्हणाली. "फोन तापतो, वीस टक्क्यांवरच बंद पडतो, पाठ उचलली जाते? बॅटरी म्हातारी झाली. तिला मंत्र लागत नाही, बदलावी लागते."

दुपारी दुरुस्तीवाल्याने बॅटरी जपून बाहेर काढली. ती पुरीसारखी टम्म फुगलेली होती. सगुणाबाईंनी ती पाहिली आणि शेजारी उभ्या गौरीला एकदम जवळ ओढलं.

चमत्कार करणारे खूप भेटतील. त्यांना एवढंच म्हणावं, तेच पुन्हा करून दाखवा, आमच्या वस्तूवर, आमच्या हातांनी. सगुणाबाई आता गल्लीत सगळ्यांना हेच बजावतात, "सरी, बरं का, नमस्कार मागाहून करा. आधी उलटून बघा!"