मालोजीच्या भातातले खांब

मालोजी छत्री सांभाळत उंबरवाडीची चढण चढत होता आणि रंगूबाई पडवीत बसून त्याला बघत होती. बघत होती आणि आतून पेटत होती. बारा वर्षांपूर्वी हीच चढण उतरून तिचा नवरा येसाजी नारळ घेऊन याच्या दारात गेला होता. लाईटीचे पाच खांब मालोजीच्या शेतातून आले, तरच वाडीत उजेड येणार होता. मालोजीनं नारळाला हात लावला नाही. येसाजीला दुपारभर उन्हात उभा ठेवला आणि वाटेला लावला. खांब पोलादपूरला परत गेले आणि येसाजी तो अपमान उराशी धरूनच मेला.

आता रंगूबाई सरपंच होती. पऱ्यावर, वाडीजवळच्या ओढ्यावर, ग्रामपंचायतीनं स्वतःची पाणबिजलीची मशीन बसवली होती. तारेला मात्र मालोजीच्या शेताशिवाय वाट नव्हती.

"सरपंचबाय," मालोजी टेकत म्हणाला, "पावसात आठ-आठ दिस सरकारी लाईट नसते. माझी भातगिरण बंद पडते. तुमच्या मशीनीचा करंट मला द्या."

"ग्रामसभा काय ती ठरवंल. पण खांब तुमच्या शेतातून जातील, मालोजीभाव."

"जाऊ देत की. लिवून देतो."

"येताना नारळ आणा. गावकीची रीत हाय."

तो गेल्यावर सून रूपाली म्हणाली, "आत्या, ती मशीन ईस घरांचे दिवे पेटवील. गिरण कशी वढंल?"

"नाय वढायची."

"मग त्यांना सांगितलात का नाय?"

"त्येनी इचारलान नाय."

ग्रामसभेत मालोजीनं नारळ ठेवला आणि संमतीपत्रावर सही केली. रंगूबाई नारळाकडे बघतसुद्धा नव्हती. मग ग्रामसेवकानं ठराव वाचला. करंट वाडीतल्या घरांना. गिरणीचा भार मशीनला पेलणार नाही, म्हणून तो अर्ज नामंजूर.

"ही फसवणूक हाय," मालोजी उठला. "माझी सही परत द्या."

"येसाजीनी काय मागितलान व्हता तुमच्याकडं?" रंगूबाई म्हणाली. "उभं ऱ्हावा जरा. लोक हात वर करतायत."

सगळे हात वर गेले. मालोजीचा सख्खा पुतण्या पांडू, त्याचाही.

भादव्यात खड्डे खणायला घेतले तेव्हा रंगूबाई स्वतः बांधावर उभी राहिली. खांब शेताच्या कडेनं नेता आले असते. तिनं मधोमध खुणा करून दिल्या. मालोजी धावत आला, चिखलात गुडघाभर उतरला.

"बाय, पाया पडतो, कडेनं घ्या. भात पोटरीला आलाय, आता लोंब्या फुटतील."

रंगूबाईनं त्याला डोळे भरून बघितलं. मग गड्यांकडे वळली.

"खोल खणा रे," ती म्हणाली.