माझा खिळा आणि झेंडूची फुलं

मित्रांनो, मी एक जुनं व्हायोलिन आहे आणि स्वभावानं संशयी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुमची तक्रार नको.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका वादळी बेटावर होड्या बांधणाऱ्या सुतारानं मला घडवलं. तिथल्या एका बुटक्या पबमध्ये शेकोटीशेजारी माझा खिळा होता. शेकोटीत दलदलीतल्या मातीच्या वाळवलेल्या विटा जळत. तो धूर माझ्या लाकडात अजून आहे. भिजलेले कोट दाराशी टपटपत असत आणि बाकाखाली कुणाचं तरी कुत्रं घोरत असे. पबचा एकच नियम होता. ज्याला वाजवायचं त्यानं मला खिळ्यावरून काढावं आणि वाजवून झालं की परत टांगावं. मी कोणा एकाचं नव्हते. तरी प्रत्येक हात मी तपासून घेई. पेल्याचा ओलावा बोटांवर असला की मी मुद्दाम बेसूर बोले.

२००१ मध्ये पबचा म्हातारा मालक वारला. नव्या मालकानं माझा खिळा उपटून तिथे टीव्ही लावला. म्हाताऱ्याची मुलगी इशबेल मला अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला घेऊन आली. तिला वाजवता येत नव्हतं. सहा वर्षं मी तिच्या कपाटात हिवाळी बुटांच्या शेजारी काढली. त्या अंधारात माझा संशय चांगलाच पोसला.

२००७ च्या उन्हाळ्यात तिनं घरासमोर गराज सेल मांडला. टोस्टर आणि बर्फाचं फावडं यांच्यामध्ये मी! तिथून मला रेणूनं उचललं. ती मूळची नागपूरची. नवऱ्याच्या, म्हणजे विवेकच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे तिला नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर घरात एकटी. तिचं स्वतःचं व्हायोलिन नागपूरला राहिलं होतं. इशबेलनं तिला माझ्या खिळ्याची गोष्ट सांगितली आणि बजावलं, "गावात एक छोटा पब आहे. रविवारी दुपारी आमच्याकडचे लोक तिथे वाजवतात. याला घेऊन जा. याला माणसांची सवय आहे."

घरी आल्यावर रेणूनं मला नमस्कार केला. मग माझ्या खुंट्या पिळून भलतेच सूर लावले, जमिनीवर मांडी घातली आणि माझं डोकं आपल्या पावलावर टेकवलं. पायावर! आमच्या बेटावर मला हनुवटीखाली धरत. ही बाई आधी पाया पडते आणि मग पायावर ठेवते, हे काही सरळ लक्षण नव्हे, असं मी ठरवून टाकलं. पबमध्ये जायचं ती रोज म्हणे आणि रोज टाळत असे.

ऑक्टोबरात एका शनिवारी तिनं मला पाटावर ठेवलं. शेजारी विवेकचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि विळी. सगळ्यांना हळदकुंकू लावून वर झेंडूची फुलं वाहिली. विवेकनं तार छेडायला हात पुढे केला.

"आज खंडेनवमी आहे, हात लावायचा नाही," ती म्हणाली.

आमच्याकडे फुलं फक्त शवपेटीवर ठेवतात हो! मी थिजलेच. त्यात विवेकचं बोलणं कानावर पडलं.

"यार रेणू, आमच्या टीममध्ये लेऑफ सुरू झालेत. जॉब गेला तर लगेच पॅक करावं लागेल. मूव्हिंग सेल लावू, सगळं काढून टाकू."

"सणाच्या दिवशी असलं बोलू नकोस ना. उद्या दसरा, उद्या मी नक्की पबमध्ये वाजवणार. इथे आल्यापासून मला कुणी ऐकलेलंच नाही रे."

शेवटचं वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझा हिशेब पक्का झाला होता. फुलं वाहिली, आता विकणार. दुसऱ्या दिवशी तिनं सूर लावायला घेतले तेव्हा रागानं मी अशी ताठरले की सगळ्यात बारीक तार तटकन तुटली. दुसरी तार घरात नव्हती. रेणूनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तू पण?"

मित्रांनो, ते दोन शब्द मला अजून बोचतात.

तरी ती विवेकला घेऊन गेलीच. बेटावरच्यासारखाच बुटका पब, तसेच बाक. ती जमिनीवर बसली तशी बोलणी थांबली.

"सगळे आपल्याकडेच बघतायत," विवेक कुजबुजला.

तिनं तीन तारांवर भूप सुरू केला. भूपाला पाचच सूर लागतात. आमच्या बेटावरची कितीतरी गाणी त्याच पाचांवर चालतात! मी माझा सगळा धूर आणि सगळा आवाज तिला देऊन टाकला. थोड्या वेळानं कॅलम नावाचा पांढऱ्या दाढीचा वादक तिच्यामागून वाजवू लागला. संपल्यावर त्यानं विचारलं, "हे कुठल्या बेटावरचं?"

"नागपूरचं."

"ते कोणत्या समुद्रात येतं?"

रेणू खळखळून हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. नंतर तिनं मला नवी तार बसवली आणि एकही रविवार चुकवला नाही.

जून २००८ मध्ये विवेकची नोकरी गेली. मूव्हिंग सेलमध्ये सोफा गेला, गाद्या गेल्या. मी माझ्यावर किमतीची चिठ्ठी लागायची वाट पाहत होते, पण चिठ्ठी लागली नाही. नागपूरला परत निघायच्या आधीच्या रविवारी ती मला पबमध्ये घेऊन आली. कॅलमनं शेकोटीशेजारी खिळा ठोकला.

"नेत का नाहीस गं?" विवेकनं विचारलं.

"नागपूरला माझं आहे. हे चारचौघांत वाढलंय. आणि वाजवून झालं की परत टांगायचं असतं."

तिनं मला खिळ्यावर अडकवलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि नमस्कार केला.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटात एखादं वाद्य पडून असेल तर ते बाहेर काढा, वाजवा आणि वाजवणाऱ्याच्या हाती द्या. नुसतं जपून ठेवलेलं वाद्य माझ्यासारखं संशयी होतं. मी अजूनही प्रत्येक नवा हात तपासते, ही खोड काही जात नाही. पण त्या रविवारी फुलं पाहून मी घाबरले नाही. रेणू दारातून बाहेर पडली, तेव्हा माझी बारीक तार कुणी न छेडताच वाजली. या वेळी ती तुटली नाही.