लेओनीची घडीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात क्रुआ-रूसच्या टेकडीवर एक थिएटर आहे. तिथे नवव्या रांगेच्या टोकाला, येण्याजाण्याच्या वाटेवर, मला जडवले आहे. कुणी बसले की मी उघडते, उठले की फटकन मिटते. सुताराने मला घडवले तेव्हा मखमल संपली होती, म्हणून माझ्या वाट्याला जाड चामडे आले. मला पाठ नावापुरती आहे आणि हात तर नाहीतच. थिएटर भरले की ज्याला जागा मिळत नाही तो नाइलाजाने माझ्यावर बसतो आणि घरी जाऊन माझ्या नावाने बोटे मोडतो.

पण मलाही एक मालकीण होती. तिचे नाव लेओनी फायोल. प्रेक्षकांना जागा दाखवणे हे तिचे काम. काळा झगा, पांढरा एप्रन आणि हातात बॅटरी. जागा दाखवली की प्रेक्षक हातावर एक नाणे ठेवतो, त्यावरच या बायकांची चूल पेटते. खेळ संपला की सगळ्या जणी आपली नाणी पत्र्याच्या एका डब्यात टाकत आणि वाटून घेत. पडदा उघडण्याआधी रंगमंचावर काठीचे तीन ठोके पडत. तिसऱ्या ठोक्याला लेओनी बॅटरी विझवून, गुडघे चोळत माझ्यावर टेकायची.

तिचा नवरा लढाईत मारला गेला होता. जिनेत नावाची एक मुलगी होती. पोरीला घरी एकटी कशी ठेवणार? म्हणून ती रोज बरोबर यायची. मग जिनेत माझ्यावर बसायची आणि लेओनी भिंतीला टेकून, भाजलेले चेस्टनट सोलून तिला भरवायची. जिनेतचे पाय जमिनीला पोचत नसत, पण सगळ्या नायिकांचे संवाद तिला तोंडपाठ होते.

"आई, मी तिथं वर उभी राहिले तर तू कुठं बसशील?"

"इथंच. इथनं फुकटात दिसतं."

"छे! तुला मी पहिल्या रांगेत बसवीन. मखमलीच्या खुर्चीत!"

खरे सांगते, मला तेव्हा जरा रागच आला होता.

मोठी झाल्यावर जिनेत याच रंगमंचावर प्रथम आली, मोलकरणीच्या भूमिकेत. "बाईसाहेब, गाडी आली" एवढेच वाक्य होते. लेओनी कामावर होती, तिला टाळ्या वाजवता येत नव्हत्या. तिने फक्त माझी कड घट्ट धरली. पुढे पोर पॅरिसला गेली. तिथे तिने आमची टेकडीवरची बोली टाकली, नाव टाकले आणि ओरियान व्हेर्कूर झाली. आधी नाटके गाजली, मग सिनेमे. आमच्या चौकातल्या भिंतीवर तिचा दोन मजली चेहरा झळकला. नाताळला घरी यायची, तेही बंद झाले.

एके दिवशी लेओनीची जोडीदारीण बेर्त सिनेमाचे मासिक घेऊन आली.

"ऐकलंस का लेओनी? तू मेलीस."

"काय बरळतेस?"

"छापलंय इथं. ओरियानबाईंचे वडील घोडदळात अधिकारी. आई, या सहा वर्षांच्या असताना क्षयानं गेली. पियानो फार गोड वाजवायची म्हणे."

लेओनीने मासिक घेतले, मुलीचा फोटो बराच वेळ पाहिला आणि परत दिले. "मेलेल्या बाईचे गुडघे तरी दुखायला नको होते," ती म्हणाली. प्रेक्षक येऊ लागले होते, म्हणून ती दाराकडे वळली.

त्याच हिवाळ्यात ओरियान एका निर्मात्याबरोबर आमचे नाटक पाहायला आली. तिकिटे नेमकी नवव्या रांगेची होती. बेर्त धावत आली. "आज तू वरच्या गॅलरीत जा. मी इथलं बघते."

"का? मी काय चोरी केलीय?"

लेओनी बॅटरी घेऊन पुढे झाली. उजेड तिने खालीच ठेवला. "पायरी आहे, मादमोआझेल, जपून." ओरियान मान खाली घालून मागून आली. निर्मात्याने खिसा चाचपून लेओनीच्या हातावर नाणे ठेवले. "घ्या बाई."

"मेर्सी, मस्यू. खेळ आवडो तुम्हाला." हे आभाराचे शब्द ती सर्वांनाच म्हणायची.

ओरियानचे ओठ हलले. लेओनी थांबली. मीही थांबले. तेवढ्यात ठोके पडले, अंधार झाला आणि ओरियान आपल्या जागेवर जाऊन बसली. माय-लेकींच्या मध्ये फक्त त्या निर्मात्याची खुर्ची होती. लेओनी त्या दिवशी माझ्यावर नीट बसलीच नाही, नुसती कडेला टेकून राहिली. मध्यंतरात ते दोघे निघून गेले. नंतर बेर्त म्हणाली, "एवढं एक नाणं तरी ठेव स्वतःजवळ."

"कशाला? जागा दाखवली, त्याचं आहे," असे म्हणून लेओनीने ते डब्यात टाकले.

मित्रांनो, मी लाकडाची आणि चामड्याची. पण त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की पुन्हा उघडूच नये असे झाले.

पुढे सिनेमात नवे चेहरे आले. ओरियानला आधी मावशीच्या भूमिका मिळाल्या, मग त्याही मिळेनात. ती पुन्हा नाटकांकडे वळली आणि एका दौऱ्यात आमच्याकडे आली. प्रेक्षक यायच्या आधीच ती नवव्या रांगेपाशी आली. माझ्यावर बेर्त बसली होती.

"लेओनी कुठंय?"

"कोण लेओनी?" बेर्त जागची उठली नाही. "तुमच्या आई तर तुम्ही सहा वर्षांच्या असतानाच गेल्या ना?"

मग बेर्तलाच राहवले नाही. "फेब्रुवारीत पुरलं, पोरी. मी होते आणि खालचा पाववाला होता."

त्या खेळात ओरियान भलत्याच प्रवेशात रडली. लोकांना तो अभिनय वाटला. केवढ्या टाळ्या पडल्या! त्या टाळ्या ऐकताना तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

पुष्कळ वर्षे लोटली. आता एक म्हातारी दुपारच्या खेळाला येते. तिला कुणी ओळखत नाही. तिकीट मखमलीच्या खुर्चीचे काढते आणि बसते माझ्यावर. परवा एक तरुण बाई शेवटच्या क्षणी धावत आली आणि तिने आपले तिकीट सरळ म्हातारीपुढे धरले. म्हातारी उठली. मी फटकन मिटले. "पायरी आहे, मादाम, जपून," असे म्हणत तिने जागा दाखवली. बाईने हातावर नाणे ठेवले.

"मेर्सी, मादाम. खेळ आवडो तुम्हाला."

तीच टेकडीवरची बोली! खरी जागा दाखवणारी मुलगी तरातरा आली. "अहो आजी, हे माझं काम आहे!"

"हो गं. हे घे, तुमच्या डब्यात टाक."

"तुम्ही पूर्वी इथं कामाला होता का?"

"मी नाही," म्हातारी मोठ्याने म्हणाली. दोन-तीन रांगांनी वळून पाहिले. "माझी आई होती. लेओनी फायोल. ही तिची खुर्ची."

ठोके पडले. जिनेत माझ्या कडेला टेकली, अगदी लेओनी त्या दिवशी टेकली होती तशी.

ते ऐकायला लेओनी हवी होती. मित्रांनो, माझे चामडे फाटले आहे, ते कुणी शिवले नाही तरी चालेल. पण तुम्हाला बसायला मिळावे म्हणून जे भिंतीला टेकून उभे राहिले, त्यांना ते आहेत तोवर चारचौघांत हाक मारा.