मंगळवारची फेरी

सकाळी साडेसातला देवरूखच्या स्टँडवर अकरा माणसं उतरली, तेव्हा टपरीवाल्याने न विचारताच मोठं पातेलं चढवलं. रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर रोज पहाटे चालणारा हा गट. वर्षातून एकदा, पौषातल्या एखाद्या रविवारी, तो लांबची गोल वाट धरायचा. दर वर्षीची वाट फोनवरच्या नकाशातून यायची. यंदाची यमुनाबाईंनी दिली होती.

यमुनाबाई अडुसष्ट वर्षांच्या, रत्नागिरीतल्याच मिरकरवाड्याच्या. गटातल्या नेत्राच्या सासूबाई. लग्न होऊन आल्यापासून सत्तावीस वर्षं दर मंगळवारी त्या पहिल्या एसटीने इथे उतरायच्या, सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन पाच वाड्यांची फेरी मारायच्या आणि चारच्या एसटीने परत. मग घरात टेम्पो आला, बाजारात गाळा मिळाला आणि फेरी मध्येच तुटली. शेवटच्या फेरीत तळीवाडीच्या सोनूबाईला त्या म्हणाल्या होत्या, "येते गो पुढच्या मंगळवारी." त्याला आता पंचवीस वर्षं झाली.

"आहे का नाय, तेवढं तरी बघून येते," त्या चहा फुंकत म्हणाल्या. हातातल्या पुडक्यात सुके बोंबील होते. त्याचा वास एसटीत सगळ्यांनी सोसला होता.

गटाचा पुढारी सुजय. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. "मावशी, तळीवाडीला डांबरी रस्ता झालाय. जीपने वीस मिनिटं."

"रस्त्याने जायला मी पाहुणी काय? पाहुणे पुढीलदारी येतात. मी तिच्या मागीलदारी जायची."

"मग साडेबारापर्यंत वाट सापडली पाहिजे. नाहीतर खाली रस्त्याला उतरायचं, देवळात जेवायचं आणि सरळ स्टँड. चारची एसटी चुकली तर रात्र इथेच."

"आणि तळीवाडी?"

"पुढच्या वर्षी."

यमुनाबाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि चहा संपवला.

त्यांना ना अक्षर ओळखीचं, ना नकाशा. सासूने वाट शिकवली होती ती ओव्यांतून, एकेका वळणाला एकेक. गाव मागे पडलं तशी पहिली आपसूक ओठांवर आली:

शेवटचं घर सोडलं की एकटा आंबा दिसे,
आंब्याखाली पाणी पी गं, सड्यावर ते नसे.

आंबा होता. नुसता होता नव्हे, मोहोराने जड होऊन उभा होता, आणि त्याच्या बुंध्याशी दगडी डोणीत झऱ्याचं पाणी होतं. अकराही जण ओंजळीने प्याले. नेत्रा सासूकडे बघत राहिली. लग्नापासून या फेरीच्या गोष्टी ती ऐकत होती, आणि त्यातल्या निम्म्या मीठमसाल्याच्या असणार असं तिने मनात धरून ठेवलं होतं.

पुढे सडा लागला, उघडं कातळाचं पठार. काळ्या कातळावर गवत पिकून पिवळं झालेलं, वारा आला की सगळा सडा एका बाजूला कलायचा.

सडा तापला पायांखाली, चाल गं भरभर,
तीन धोंडे भेटले की उतरणीचा पदर धर.

"तीन धोंडे," दीपक ओरडला. "मला आधी दिसले. जेवायला बसू."

दीपक पोस्टातून निवृत्त झालेला, आणि अकरा जणांच्या भाकऱ्या, चटणी नि उसळीचा डबा भरलेली पिशवी आज त्याच्या वाट्याला आली होती. दर अर्ध्या तासाने तो ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना कळेल असा सुस्कारा टाकी.

"जेवण तळीवाडीला," यमुनाबाई म्हणाल्या.

उतरण संपली तिथे पऱ्याचा ओढा खळखळत होता, त्यावर चालण्यापुरता पूल, साकव. पूर्वी लाकडाचा होता, आता सिमेंटचा. पलीकडे मात्र वाटच नव्हती. पावसाळ्यात माजलेलं रान तसंच उभं, करवंदीच्या जाळ्या माणसाहून उंच.

"पुढची ओवी काय, आई?" नेत्राने विचारलं.

साकवावर हळू चाल, खाली पऱ्या बोले...

यमुनाबाई थांबल्या. परत म्हणून पाहिली. पुन्हा तिथेच अडकली.

"खाली पऱ्या बोले," दीपकने मदत केली, "वर दीपक भुकेने डोले."

सगळे हसले, यमुनाबाईही हसल्या, पण डोळे जाळीवरून हलले नाहीत. सुजय डावीकडे शंभर पावलं जाऊन आला, उजवीकडे जाऊन आला. हातावर ओरखडे घेऊन परतला. बारा वाजून गेले होते.

"मावशी, रागावू नका. पण आता खाली उतरूया."

"थांब जरा." त्या साकवाच्या अलीकडे परत गेल्या. हातातल्या पुडक्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दीपक, ती पिशवी आण. नेत्रा, ओढणी दे."

"ओढणी कशाला?"

"चुंबळ करायची. मोकळ्या डोक्याने मी ही वाट कधी चाललेच नाय. पायांना कळत नाय मी कुठं आहे ते."

ओढणीची चुंबळ झाली. दीपकने आणि नेत्राने मिळून पिशवी चढवून दिली, वर बोंबलांचं पुडकं. यमुनाबाईंची मान ताठ झाली, कंबर आपोआप डोलू लागली. सगळ्यांच्या देखत त्या दहा वर्षांनी लहान झाल्या. साकवावरून त्या चालत आल्या, ओवी म्हणत, पऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून. साकव संपला आणि पाचव्या पावलाला, जाळीशीच, त्यांचे गुडघे आपले आपणच वाकले.

तशाच अर्ध्या वाकलेल्या त्या थबकल्या. आणि तोंडातून आलं:

गुडघ्यात वाक, मान ताठ, फांदीखाली खुले.

सुजयने समोरच्या वेली काठीने बाजूला केल्या. मागे जांभळीची आडवी फांदी होती, मांडीएवढी जाड, आणि तिच्याखाली गुरांच्या पायांनी गुळगुळीत झालेली लाल वाट वर चढत गेली होती. माणसं सोडून गेली तरी गुरांनी ती राखली होती.

"आता पिशवी मी घेतो," दीपक म्हणाला.

"हात नको लावू. ही जिथं उतरायची तिथंच उतरेल."

चढ संपता संपता कौलं दिसली, खळ्यात वाळत घातलेले कुळीथ दिसले, एक माड, एक विहीर. एका घराच्या मागीलदारी यमुनाबाई उभ्या राहिल्या. दार लोटलेलं होतं. अंगणात कोणी नव्हतं. दहा माणसं मागे उभी राहिली. सुजयने घड्याळाकडे पाहिलं नाही.

यमुनाबाईंनी हाळी दिली:

समुद्र आला मागीलदारी, कोण देतं पाट?

एक कोंबडी पळाली. मग काही नाही. मग आत भांडं पडल्याचा आवाज, आणि कोणीतरी म्हातारं, खरबरीत, पण सुरात:

पाट मांडून बसले गं, बघत तुझी वाट.

दार उघडलं. सोनूबाई काठी टेकत पायरी उतरली, यमुनाबाईंना वरून खालपर्यंत न्याहाळलं, मागच्या दहांना न्याहाळलं.

"कुठं गेलीवतीस गो, यमने?"

"मंगळवारी येते म्हटलं होतं ना."

"आज आयतवार."

"मग परत जाऊ?"

सोनूबाईने काठी भिंतीला लावली. दोन्ही हात वर केले, ओझ्याला खालून आधार दिला, आणि दोघींनी मिळून पिशवी सावकाश तुळशीच्या ओट्यावर उतरवली. चुंबळ सुटून यमुनाबाईंच्या खांद्यावर आली.

"बोंबील वाटतात," सोनूबाई पुडकं हुंगत म्हणाली. "नि ही एवढी माणसं कोण? तुझी गिऱ्हाइकं?"

"भुकेली माणसं," दीपक पुढे होत म्हणाला.

"मग बसा. भाताचं आधण ठेवते. चारच्या गाडीला तासभर आधी सोडते, आमचा नातू टेम्पो हाकतो."

"टेम्पो नको," यमुनाबाई म्हणाल्या. "मी चालत जाईन, गाडी चुकली तर चुकली. वाट आत्ता कुठं सापडल्येय."