अंगठ्याची चावी

पुन्हा किंचाळलं. क्लॅरिनेटचा तो फाटका आवाज बँडच्या खोलीभर घुमला आणि ढोलवाला लहान्या खिदळला, "नवसूभाऊ, कोनाचा गळा धरला रं?"

नवसूने क्लॅरिनेट तोंडातून काढलं. बँडमास्तर फुर्तादो मूळचे गोव्याचे. राग आला की त्यांचा आवाज चढण्याऐवजी खाली यायचा. आता तो अगदी खाली आला.

"दसऱ्याचा दरबार परवा. सलामीत वरचा सूर तुझा एकट्याचा. फाटला तर क्लॅरिनेट ठेव, झांजा घे."

झांजा म्हणजे मागची रांग, तीही कायमची. साखरशेतचा हा तारपा वाजवणारा गडी सात वर्षांपूर्वी जव्हार संस्थानच्या बँडमध्ये आला होता. खालचे सूर त्याच्याकडून भरदार यायचे. वरचा आला तर सुईसारखा बारीक, नाहीतर फाटायचाच. त्याने तोंडात धरायची, फुंकेने थरथरणारी वेताची पत्ती बदलून पाहिली, घासून पाहिली, केसभर खाली सरकवली. एका वेळी एकच बदल, म्हणजे दोष कशात आहे ते कळेल. काही कळलं नव्हतं.

बाकीचे गेल्यावर मास्तर म्हणाले, "खालचा सूर धर. लांब."

ते मागे येऊन उभे राहिले. नवसूची पाठ आखडली. पण सूर चालू होता, आणि मध्येच मास्तरांनी मागून हात घालून त्याच्या अंगठ्याजवळची चावी दाबली. सूर उडी मारून वर गेला. गोल, भरलेला. नवसू दचकून थांबला.

"कोणी वाजवला?"

"तुम्हीच ना, मास्तर."

"मी फक्त चावी दाबली रे बाबा. फुंक तुझी, ओठ तुझा. कधी दाबणार ते ठाऊक नव्हतं, म्हणून जबडा आवळला नाहीस. पत्ती चिमटीत धरलीस तर ती हलणार कशी?"

मास्तरांच्या परवानगीने त्याने क्लॅरिनेट घरी नेलं. ओसरीवर बायको, तानी, त्याच्या मागे बसली.

"दाबू?"

"सांगू नको गं!"

"वाघ बघल्यागत काय करतोस? फुंक तू."

तिने तीसदा चावी दाबली. एकदाही फाटलं नाही. मग त्याने स्वतः दहादा दाबली. सहा वेळा फाटलं.

"मी येऊ का दरबारात? मागं बसते," तानी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. त्याला हसता आलं नाही.

दरबार भरला. पाहुणे बसले, सलामी सुरू झाली. नवसूने पत्तीला ओठ लावला. खालचा सूर धरला. पुढे चार मात्रा. अंगठा आपला नाही, तानीचा आहे, असं त्याने मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही. तिसऱ्या मात्रेला जबडा आवळू लागला, तेव्हा हातातलं ओझं सोडावं तसा त्याने तो सोडून दिला. चौथीला चावी दाबली.

सूर वर गेला. मास्तरांनी चावी दाबल्यावर आला होता तितका गोल नव्हता. पण फाटला नाही. तो संपायच्या आतच मास्तरांची काठी ढोलाकडे वळली होती.

नवसूने क्लॅरिनेट खाली घेतलं. खालच्या ओठाला आतून आवळलेल्या दातांची जखम असायची, सात वर्षं, रोजची. त्याने तिच्यावरून जीभ फिरवली. आज रक्ताची चव आली नाही.