दात सोडल्याचा आळ

"या मेलीला एकदाची भंगारात घाला. डोकं धुऊन आलं रे आलं की हिचं काळं लागलंच केसांना," मिस्त्रीची बायको पुटपुटली आणि मान तिरकी करून माझ्याखालून गेली.

मित्रांनो, ती मेली म्हणजे मी. मी एक जुनी टायमिंग चेन आहे. गॅरेजमधल्या कामाच्या टेबलाशेजारी, आतल्या दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला मला टांगलं आहे. शोभेसाठी म्हणाल तर तसं नाही, गुन्हेगार म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "हिने दात सोडला म्हणून माझी पोर मरता मरता वाचली." मी ऐकून घेते. मला तोंड नाही, पण राग आहे, आणि तो कडीकडीत भरला आहे.

माझं काम काय ते आधी सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. इंजिनात खाली एक जाड दांडा फिरतो, तो क्रँक. त्याच्या वर दुसरा, तो कॅम. क्रँक पिस्टनला वरखाली नाचवतो, कॅम झडपा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर आला की झडप मिटलेली हवी, नाहीतर दोघांची टक्कर ठरलेली. ही वेळ मी सांभाळते. दोन्ही दांड्यांच्या टोकांना दातेरी चाकं असतात, त्यांना मी एकत्र बांधते. प्रत्येक चाकावर एक बारीक खूण कोरलेली असते. दोन्ही खुणा समोरासमोर आणायच्या आणि मगच मला चढवायचं. एका दाताची चूक झाली तरी सगळं गणित कोसळतं.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पट्टीतून माझ्या कड्या कापल्या, भट्टीत तापवल्या, तेलात बुडवल्या. मग मला दोन्ही टोकांनी ओढून पाहिलं. तरीही तुटले नाही, तेव्हा कुठे खोक्यात घातलं. एवढं सोसून आलेल्या वस्तूला कुणी ढिली म्हटलं तर कसं वाटेल, तुम्हीच सांगा.

माझेही चांगले दिवस होते. मिस्त्रीने मला शर्यतीच्या गाडीत घातलं. गाडी चालवायची त्याची मुलगी. जिंकून आली की बॉनेटवर थाप मारायची, आणि मिस्त्री छाती फुगवून म्हणायचा, "आत सोन्याची साखळी आहे, साखळी!"

"इंजिनाच्या नशिबात तरी आहे," बायको आपल्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवत म्हणायची. सगळे हसायचे. गरम तेलात न्हाऊन निघालेली मीही मनात हसायचे.

या गॅरेजची एक रीत आहे. इंजिन मुलगी बांधते, शेवटचा बोल्टसुद्धा तीच आवळते. पण खुणा जुळवायची वेळ आली की पाना खाली ठेवते आणि बाजूला सरते. तो मान वडिलांचा. या रीतीचं मला फार कौतुक होतं. आता त्याच रीतीचा संताप येतो.

कारण मिस्त्री हल्ली खुणा जुळवताना चाकाला नाक लावायचा. "उजेड धड नाही इथे," म्हणायचा. डोक्यावर दिवा लख्ख पेटलेला असायचा. एकदा इंजिन उघडून पुन्हा बंद करताना त्याने मला एक दात पुढे चढवलं. मला लगेच कळलं. सांगणार कशी? हाताने सावकाश फिरवून पाहिलं तेव्हा झडपा पिस्टनपासून केसभर वाचत होत्या, काही अडलं नाही. पुढे चढाच्या शर्यतीत, ऐन वळणावर, गाडी पूर्ण जोरात असताना झडपा पिस्टनवर आदळल्या. इंजिन जागीच जाम झालं आणि गाडी रस्त्याकडेच्या खडकावर जाऊन धडकली. मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं.

हात गळ्यात बांधलेला असतानाच तिने इंजिन उघडलं. खुणा पाहिल्या. मला काढून मापलं. मी केसभरही लांबले नव्हते. मला ताणून धरणारी पट्टीही घट्ट होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"चेन सरकली असेल, बाबा," ती म्हणाली.

असेल! त्या एका शब्दाने मला खिळ्यावर चढवलं. बापाने मान डोलावली, आईने विषय बदलला. एकमेकांचं मन जपायचं आणि पाप लोखंडाच्या गळ्यात घालायचं. लोखंड काय, उलटून बोलत नाही.

मित्रांनो, वस्तूंना तेल द्या, पुसून ठेवा, पावसात टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण आपली चूक आमच्या माथी मारू नका. मला खिळ्याला टांगलं खरं, पण ती चूक मोकळीच फिरते आहे. आज ती माझ्या डोळ्यांदेखत परत आली.

मुलीचं हाड जुळलं आहे. नवं, पहिल्याहून ताकदीचं इंजिन बांधायला घेतलं आहे. आज सुट्या भागांचा दुकानदार चेनचे दोन सेट घेऊन आला आणि त्याने ते टेबलावर मांडले. पहिला दुपदरी चेनचा, दोन्ही चाकं अस्सल पोलादाची. खालच्या चाकाला तीन खाचा, वेळ किंचित मागेपुढे करता यावी म्हणून, आणि प्रत्येक खाचेची वेगळी, बारीक खूण. दुसरा सेट घरगुती गाडीचा. आवाज होऊ नये म्हणून वरच्या चाकाच्या दातांवर नायलॉन, आणि खुणा चांगल्या मोठ्या, पिवळ्या रंगाने भरलेल्या.

मिस्त्रीने पहिलं चाक उचललं, उजेडाकडे धरलं, दूर नेलं, जवळ आणलं. ठेवून दिलं. दुसरं उचललं आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"हाच."

"मिस्त्री, चेष्टा करताय का?" दुकानदार म्हणाला. "हे नायलॉनचे दात शर्यतीत टिकणार?"

"मला शिकवू नकोस. तू रांगत होतास तेव्हापासून इंजिनं बांधतोय मी. तीन-तीन खुणा कशाला? इंजिन बांधायचंय की कोडं सोडवायचंय? आणि हा आवाज करत नाही."

"आवाज कोण ऐकतंय, बाबा? सायलेन्सर काढलेली गाडी आहे ती!" मुलगी हसत म्हणाली. मग तिचं लक्ष गेलं. वडिलांचा अंगठा त्या पिवळ्या ठिपक्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होता. तिचं हसू विझलं.

"बरं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणता तर हाच."

दुकानदार छताकडे बघू लागला. त्यालाही ठाऊक होतं! अरे, बोला कुणीतरी! ते नायलॉन तुटेल, चेन मोकळी सुटेल, आणि मग माझ्या शेजारी तिलाही टांगाल. हाताला धरून सांगा त्याला! माझ्या कड्या एकमेकींवर घासल्या, पण तो आवाज पंख्याच्या वाऱ्याचा वाटला असेल.

"मग हाच ठेवून जाऊ?" दुकानदाराने विचारलं.

मिस्त्रीची बायको चहाचे कप घेऊन उभी होती. तिने ते टेबलावर आपटले. चहा त्या पिवळ्या ठिपक्यांवर सांडला.

"नाही," ती म्हणाली. "अहो, तुम्हाला दिसत नाही आता. त्या चेनने काहीही केलं नव्हतं. खूण तुमची चुकली होती."